डाव्या कुशीचा वण

मी उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडले होते. पोलकं मागून वर सारलेलं, कमरेवर टॉवेल. पडदा सरकला, तेलाची बाटली स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला आणि माझ्या डाव्या कुशीवर कुणाचा तरी हात आला. दवाखान्यातल्या लोंढे मॅडमचा हात नव्हता तो. मॅडमची बोटं लांब आणि गार. हा हात आखूड होता, ऊन होता, तळव्याला खरखरीत. पाठीच्या कण्याजवळ, वण जिथून सुरू होतो तिथं तो नुसता टेकला आणि थांबून राहिला.

"वन्सं, दुखलं तर सांगा."

मला वन्सं म्हणणारी बाई जगात एकच होती. माझ्या पाठच्या भावाची, हणमंताची बायको, शालन. हणमंत जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि तेवढ्या काळात मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

ताडकन उठून बसावं असं वाटलं. पण मला ताडकन उठता येत असतं तर मी त्या टेबलावर आलेच कशाला असते? मी भिंतीकडे बघत राहिले. हात हळूहळू चालू झाला.

याला आता वीसेक वर्षं झाली. फलटणला आमची पिठाची गिरणी आहे. तेव्हा मी आणि मालक दोघंच ती चालवायचो. हणमंत वीज मंडळात वायरमन होता. खांबावर सरसर चढणारा, दिवसभर उन्हात राबूनही हसत घरी येणारा. तिशीत असताना त्याचे पाय सुजायला लागले. तोंड सुजलं, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. आई तोवर वारली होती. शालनचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. मालकांना मनातून ते नको होतं, पण त्यांनी मला अडवलं नाही, फक्त त्या दिवसांत जेवणावरून लवकर उठायचे.

पुण्याला ऑपरेशन झालं. आता किडनी छोट्या छोट्या भोकांतून काढतात म्हणे. माझ्या वेळी पाठीपासून पोटापर्यंत कापलं होतं आणि शेवटच्या फासळीचा एक तुकडा काढावा लागला होता. मला त्याचं काही वाटलं नाही. हणमंताच्या तोंडावरची सूज उतरली, तो पुन्हा माणसात आला, एवढं मला पुरलं.

चारेक वर्षं बरी गेली. मग एक दिवस निरोप आला की पुन्हा रक्त धुवायच्या मशीनवर घ्यावं लागतंय. मी मिळेल त्या एसटीनं पुण्याला गेले. दवाखान्याच्या जिन्यापाशी ती दोघं भेटली. मी विचारलं, सगळं नीट चाललेलं असताना असं कसं झालं? हणमंत बाकावर बसला होता, मान खाली. शालन उभी होती. ती म्हणाली, "गोळ्या माझ्याकडून चुकल्या, वन्सं. मध्ये बरेच दिवस चुकल्या."

त्या गोळ्या म्हणजे दुसऱ्याचा अवयव शरीरानं टाकून देऊ नये म्हणून जन्मभर घ्यायच्या असतात. एकही चुकवायची नाही, हे डॉक्टरांनी आम्हां तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. मी हणमंताकडे बघितलं. तो काही बोलला नाही. मला वाटलं, बिचारा बायकोला पाठीशी घालतोय.

पुढं जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला. शालननं जे मला सांगितलं तेच भावकीलाही सांगितलं होतं. तिच्या दारात कुणी जाईनासं झालं. गावातच, माझ्या माहेरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, मूलबाळ नव्हतं. कुठल्याशा दवाखान्यात कामाला लागल्याचं कानावर आलं होतं. मी चौकशी केली नाही.

माझं दुखणं मात्र हणमंत गेल्यावरच सुरू झालं. ऑपरेशननंतर वण भरून आला होता, मी डबे उचलत होते, गिरणी चालवत होते. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. त्या दिवशी मी दारातच थांबले. पुरुष माणसं परत आली, मालकांच्या सदऱ्याला धुराचा वास होता, आणि तो वास नाकात गेला तशी माझी डावी कूस आतून पोळली. तव्यावर बोट पडावं तशी. मी मटकन खाली बसले. बायकांना वाटलं, भावाच्या दुःखानं बसली.

त्यानंतर ते परत परत व्हायला लागलं. गिरणीचा दगड तापला, पिठाला करपट वास सुटला की कूस पोळायची. होळीच्या दिवशी मी घराबाहेर पडले नाही. कधी वाटायचं, तिथं आत काहीतरी आहे आणि ते धडधडतंय. पण तिथं तर काहीच नव्हतं. मी आखडून चालायला लागले. डावा हात खांद्याच्या वर जाईना, श्वास पुरता भरेना. दळणाचा डबा उचलून गिरणीच्या तोंडात रिकामा करायचा म्हटलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. शेवटी मालकांनी मला गावातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं.

रिबेका लोंढे मॅडम साताऱ्याहून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. हाडांचे, लकव्याचे पेशंट बघायच्या. त्यांनी वणावरून बोट फिरवलं आणि मला समजावून सांगितलं की वरची कातडी आतल्या मांसाला चिकटून बसली आहे, म्हणून सगळी बाजू ओढली जाते. गोळीनं ते सुटायचं नाही. रोज कुणीतरी हात फिरवायला पाहिजे. जोर लावायचा नाही, कातडी बोटांखाली धरून हळू सरकवायची, जिथं अडेल तिथं थांबायचं, आणि तिनं वाट दिली की पुढं जायचं.

मालकांना त्यांनी शिकवून बघितलं. मालकांनी हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी तो वण उजेडात कधी पाहिला नव्हता. मग मॅडम म्हणाल्या, मी नसेन त्या दिवशी आमच्या बाई करतील, त्यांना मी शिकवलंय.

त्या बाई म्हणजे शालन.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण सकाळी उठले तर डावा हात वेणी घालण्याइतका वर गेला. बऱ्याच महिन्यांनी गेला. मी तशीच आरशापुढं उभी राहिले, आणि दुपारी दवाखान्यात गेले.

पहिले काही दिवस आमच्यात बोलणं असं झालंच नाही. ती विचारायची, दुखतंय का, मी नुसतं हूं किंवा उंहू म्हणायचे. ती पाठीमागे असायची, मी भिंतीकडे तोंड करून. ते बरंच होतं, तोंड बघावं लागत नव्हतं. पण हात बोलत होता. कधी घाई केली नाही त्यानं. कण्याजवळून सुरुवात करायची, फासळीच्या तुटक्या टोकापाशी आला की तो हलका व्हायचा, जणू तिथं झोपलेलं मूल आहे. आणि एका जागी, फासळीच्या खाली चार बोटांवर, तो नेहमी थांबायचा. तिथं कातडी हलायची नाही. ती तळवा ठेवून नुसती बसून राहायची. त्या जागेला तिच्या हाताची ऊब लागली की मला रडायला यायचं, आणि तिच्यापुढं रडायचं नाही म्हणून मी दात आवळून धरायचे.

मग थोडं थोडं बोलणं सुरू झालं. म्हणजे तीच सांगायची. माझ्या माहेरच्या घरामागचा शेवगा वाऱ्यानं पडला. शेजारच्या काकूंना मोतीबिंदू झालाय. एक दिवस तिनं सांगितलं की गुढीपाडवा झाला की तिचा भाऊ तिला न्यायला येणार आहे. बार्शीला. कायमचीच. इथं राहून काय करायचं, असं ती म्हणाली. बरं वाटायला हवं होतं. घरी आल्यावर मात्र मी दोन दळणं एकमेकांत मिसळली आणि मालकांची बोलणी खाल्ली.

पाडव्याच्या आधीची गोष्ट, मला वाटतं मंगळवार असावा, कारण बाहेर लोंढे मॅडमचा आवाज येत होता. त्या लकव्याच्या एका आजोबांना चालवत होत्या, म्हणून माझ्याकडे शालन आली होती. तिचा हात त्या अडलेल्या जागी येऊन बसला होता. किती वेळ कोण जाणे. आणि अचानक ती जागा सुटली. आवाज नाही, कळ नाही. एखादी गाठ पाण्यात भिजून सैल व्हावी तशी सुटली. माझ्या छातीत पूर्ण श्वास गेला. इतका गेला की मी दचकले, आणि मला दात आवळताच आले नाहीत.

तिनं हात काढला नाही. मी भिंतीकडे बघत, मालकांनाही कधी सांगितलं नव्हतं ते बोलले.

"शालन, हणमंताला नेलं ना, तेव्हा माझंही काहीतरी जळलं. उगाच म्हणत नाही. खरोखरचं जळलं. मी इकडं दारात जिवंत उभी, आणि तिकडं माझा एक तुकडा लाकडांवर. तेव्हापासून ही जागा पोळतेय. मी कुणाला सांगू हे?"

तिनं तळवा तिथंच राहू दिला. मग म्हणाली, "त्यांच्या पोटात तो तुकडा उजवीकडे बसवला होता. खाली, मांडीच्या वर. हाताला लागायचा. थोडा फुगीर." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी रोज झोपताना तिथं हात ठेवायची. ऊन लागायचा. मी मनात म्हणायची, वन्सं, सांभाळा त्यांना. तुमच्याशीच बोलायची मी."

तिनं तसं बोलायला नको होतं. म्हणजे, मला ते ऐकून तिची माया वाटायला लागली, आणि माया वाटली म्हणूनच दोन वर्षं तोंडात धरलेलं बाहेर आलं. मी विचारलं, "मग एवढं होतं तर गोळ्या कशा चुकू दिल्यास तू?"

आजवर पहिल्यांदा तिचा हात उचलला गेला. बाहेर मॅडम त्या आजोबांना म्हणत होत्या, टाच टेका, आधी टाच. मला वाटलं, ही आता उठून जाणार. पण हात परत आला. वणावर नाही, माझ्या दंडावर.

"एकही गोळी चुकली नव्हती, वन्सं."

मला आधी समजलंच नाही ती काय म्हणते ते. मग तिनं सांगितलं, थांबत थांबत, आणि मी ऐकत गेले. दुसऱ्याच वर्षी डॉक्टरांनी त्या दोघांना बोलावून सांगितलं होतं की त्याचं शरीर ती किडनी धरत नाहीये. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, दवाखान्यात ठेवलं. काही जणांचं असं होतं म्हणाले, सगळं नीट करूनही होतं, यात कुणाची चूक नसते. ती दोघं मला सांगायची, बार्शीला चाललोय, आणि पुण्याला जायची. मी तिच्या आईसाठी म्हणून चटणी, शेंगदाण्याचे लाडू बांधून द्यायचे. ते दवाखान्याच्या खाटेवर बसून ती दोघं खायची.

"मग तू माझ्यासमोर तसं का म्हणालीस?"

"आदल्या दिवशी त्यांनी माझे पाय धरले. नवऱ्यानं बायकोचे पाय धरले, वन्सं. मी मागं सरले तर खाटेवरून खाली उतरले. म्हणाले, अक्काला कळलं की तिचं मला लागलं नाही, तर ती उरलेला जन्म त्या कापलेल्या जागेकडे बघून झुरेल. तिला कुणाचा तरी राग करू दे. तुला दोष लागला तर तू सोसशील. अक्का नाही सोसायची."

तिनं तेलाचं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "मला राग येतो. गेलेल्या माणसाचा राग येतो मला. जायची वेळ आली तरी त्यांनी तुमचाच विचार केला. माझ्या वाट्याला काय येईल ते त्यांना माहीत होतं, आणि तरी मला मागितलं."

मी विचारलं, मग आता का सांगितलंस? चार दिवसांत तू जाणारच होतीस.

"तुम्ही पोळतंय म्हणालात म्हणून. मी गप्प राहिले तर तुम्ही तरी सुखानं असाल, असं मला वाटायचं. तसं असतं तर मी बार्शीला निघून गेले असते, बोलले नसते."

तिनं कोमट पाण्यात फडकं पिळून वण पुसला, कोरडा केला, पोलकं खाली ओढलं, आणि मला धरून उठवून बसवलं. इतक्या दिवसांत मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं नव्हतं. कानशिलाचे केस पांढरे झाले होते. हणमंतापेक्षा ती सहा-सात वर्षांनी लहान. मी तिला राहा म्हणाले. आमच्याकडे राहा, गिरणीत दोघी उभ्या राहू. ती म्हणाली, भावाला शब्द दिलाय. मग मी म्हणाले, निदान भावकीला तरी मी खरं काय ते सांगते.

"नको," ती म्हणाली. "लोक त्यांना नावं ठेवतील."

पाडवा झाल्यावर तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. मी गेले होते. एक पेटी, एक कपाट, भांड्यांचं पोतं. तिनं घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. मी तिला उठवलं. टेम्पो वळणावर गेला तेव्हा मला आठवलं की उद्या दुपारी दवाखान्यात कुणाचा हात येणार ते मी विचारलंच नाही.

वण सुटला तो सुटलाच. उन्हाळा संपेपर्यंत मी डबे उचलायला लागले. करपट वास आला तरी कूस पोळत नव्हती. पण हणमंतानं मला सोडलं नाही. आता तो दुसरीकडून यायला लागला. गिरणीचा पट्टा फिरत असताना मी नुसती बघत उभी असायचे आणि त्याची एकेक आठवण उठून यायची, आणि प्रत्येक आठवण उलटी व्हायची. भाऊबीजेला ओवाळताना त्यानं पोटावर थाप मारून म्हटलं होतं, अक्का, तुझी किडनी माझ्यापेक्षा खमकी आहे. त्याला तेव्हा माहीत होतं. आमच्या अंगणात खाटेवर लोळत त्यानं विचारलं होतं, तुझा वण दुखतो का गं? तेव्हाही माहीत होतं. जिन्यापाशी बाकावर त्यानं मान खाली घातली होती. मी ती खाली घातलेली मान इतक्या वेळा बघितली, की कधी कधी गिऱ्हाईक दळण घेऊन समोर उभं असायचं आणि मला बाकावर तोच दिसायचा. मी मनात म्हणायचे, हणम्या, वर बघ. एकदा वर बघ माझ्याकडे. तो बघायचा नाही.

असे सहा-सात महिने गेले. दिवाळीच्या आधी गिरणीत गर्दी असते. भाजणी, अनारशाचं पीठ, बायका ओळीनं डबे लावून बसलेल्या. आमच्या भावकीतली एक चुलती होती. कशावरून तरी शालनचा विषय निघाला आणि ती म्हणाली, त्या बाईनं गोळ्या वेळेवर दिल्या असत्या तर आज पोरगा असता. आणखी एक-दोघी हळहळल्या. हे मी त्या दोन वर्षांत किती वेळा ऐकलं होतं. मी गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत थांबले, कारण मला ओरडून सांगायचं नव्हतं.

"गोळ्या चुकल्या नव्हत्या," मी म्हणाले. "माझंच त्याला लागलं नाही. शालननं नाव स्वतःवर घेतलं, आणि ते घ्यायला त्यानंच तिला लावलं."

चुलती माझ्याकडे बघत राहिली आणि मग आपल्या डब्याचं झाकण उगाच नीट बसवायला लागली. मालक आतून दारात आले होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याजवळ येऊन स्वतःच बटण दाबलं आणि गिरणी सुरू केली.

दिवाळी झाल्यावर मी बार्शीला गेले. शालन तिकडच्या एका दवाखान्यात हेच काम करायला लागली होती. बाळंतिणी, ऑपरेशन झालेल्या बायका, सगळ्या तिचंच नाव घ्यायच्या, असं तिची भावजय सांगत होती. शालननं मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि काही न विचारता लुगड्यावरूनच माझ्या कुशीवर तळवा ठेवला.

"मऊ झालंय," ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं. तू नको म्हणाली होतीस तरी मी बोलले, गिरणीत, सगळ्यांच्या देखत. त्याचंही नाव घेतलं. त्यानं लावलं म्हणाले.

ती किती तरी वेळ खाली बघत होती. हात तसाच कुशीवर होता. मला वाटलं, माझ्या हातून हीही गेली. मग तिनं मान वर केली. डोळे भरले होते, पण तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं, भांडणाऱ्या पोरीसारखं.

"आता ते आपल्या दोघींवर रागावणार, वन्सं," ती म्हणाली.

"रागावू दे," मी म्हणाले.